पाण्याचा दाब

पनवेलच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा भूगोलाच्या हिशेबाने पनवेलचा नव्हेच. ते इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी. लोणावळ्याच्या आसपास वळवण, शिरवता, लोणावळा या तलावांत ते अडतं. आपल्या वाटेने गेलं असतं तर देहू-आळंदीवरून भीमेला मिळून पंढरपुरापर्यंत पोचलं असतं. पण १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटांनी खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू केलं आणि घाटमाथ्यावरचं पाणी मोठाल्या नळांतून कोकणात उतरू लागलं. टर्बाइन फिरवून झालं की ते पाताळगंगेत सोडतात, म्हणून ही नदी ऐन मे महिन्यातही वाहती असते. तिच्याच काठी वायाळला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची जॅकवेल आणि पंप आहेत, भोकरपाड्याला शुद्धीकरण केंद्र, आणि तिथून न्हावा-शेवा योजनेची जलवाहिनी पनवेलच्या दिशेने येते.

पनवेलमध्ये पाणीपुरवठ्याचं काम पाहणाऱ्या अभियंत्याला हा इतिहास पाठ असावा लागतो, कारण तो रोज सकाळी त्याच्या फोनवर येतो. पाऊस किती झाला, धरणात पाणी किती, हे प्रश्न कुठल्याही गावच्या पाणीवाल्या साहेबांना पडतात. इथल्या साहेबांना आणखी एक पडतो: खोपोलीला वीजनिर्मिती किती चालली आहे? तिथली निर्मिती घटली की काही तासांनी नदीची पातळी उतरते, पंप पूर्ण ताकदीने चालवता येत नाहीत, आणि ‘सायेब, पानी कवा येल?’ हा फोन तक्क्यापासून कोळीवाड्यापर्यंत सगळीकडून सुरू होतो. दुष्काळाच्या वर्षी पश्चिमेला वळवलेलं हे पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात सोडा अशी मागणी हमखास उठते. सोलापूरच्या माणसाला ती न्यायाची वाटते आणि तिच्यात तथ्यही आहे. पनवेलच्या अभियंत्याला मात्र ती बातमी वाचताना गावातल्या टाक्या दिसू लागतात.

शहराचं स्वतःचं असं एक धरण आहे. माथेरान आणि प्रबळगडाच्या पायथ्याशी, गाढी नदीवरचं देहरंग. कागदोपत्री त्याचं नाव अप्पासाहेब वेदक जलाशय, सहलीला येणाऱ्यांच्या तोंडी गाढेश्वर. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. त्या नगरपालिकेने स्वतःच्या हिमतीवर बांधलेलं हे धरण. एवढ्याशा गावाने आपलं धरण बांधावं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. आणि मोठी होती म्हणूनच आज तिचा तोकडेपणा जास्त टोचतो. मागे पावसाचा डोंगर उभा. माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यामुळे देहरंग जुलैत भरून सांडव्यावरून वाहू लागतं, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो, लोकांना वाटतं की वर्षाची चिंता मिटली. प्रत्यक्षात भरतं लवकर तसं आटतंही लवकर. साठवण मुळात लहान, त्यात डोंगरावरून दरवर्षी गाळ येऊन बसतो. गाळ काढायचा विषय दर उन्हाळ्यात निघतो आणि पहिल्या पावसाबरोबर धरणाच्या तळाशी जातो. मार्च उजाडला की अभियंत्याचं लक्ष कॅलेंडरकडे आणि पाणीपातळीच्या पट्टीकडे आलटून पालटून जातं. एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या डोंगरातल्या आदिवासी वाड्यांवर टँकर फिरत असतात. जिथे सर्वांत जास्त पाऊस कोसळतो तिथेच हंडे रांगेत लागतात. कातळावरून पाणी समुद्राकडे धावतं, मुरत नाही, हे त्याचं भूशास्त्रीय कारण. बाकीची कारणं माणसांची आहेत.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली. जुनं पनवेल, सिडकोने वसवलेले नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर हे नोड आणि आजूबाजूची गावं एका छत्राखाली आली. छत्र एक झालं, पाणी एक झालं नाही. जुन्या शहरात देहरंग आणि जीवन प्राधिकरण. सिडकोच्या वसाहतींकडे पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं, प्राधिकरणाचं किंवा नवी मुंबईच्या मोरबेचं पाणी, ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे. तळोज्याच्या बाजूला औद्योगिक विकास महामंडळ. यात मोरबेची गोष्ट पनवेलकरांच्या विशेष जिव्हारी लागते. खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं हे धरण नवी मुंबई महापालिकेने २००२ मध्ये जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. त्याचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि पनवेलच्या अंगणातून बेलापूरकडे जातं. धरण विकत घेण्याची दूरदृष्टी नवी मुंबईने दाखवली, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण महामार्गालगतच्या त्या जाडजूड वाहिनीशेजारी राहून टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला दूरदृष्टीचं कौतुक सांगायला जाऊ नये, एवढं इथला कनिष्ठ अभियंतासुद्धा पहिल्या उन्हाळ्यात शिकतो.

मग या माणसाच्या हातात उरतं काय? बहुतेकांना वाटतं, पाणी शुद्ध करणं. पंप, टाक्या, फिल्टर, क्लोरीन. त्याला स्वतःलाही नोकरीच्या सुरुवातीला तसंच वाटत असतं, कारण अभ्यासक्रमात तेवढंच असतं.

त्या भागातही मजा आहे, नाही असं नाही. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की नदीचं पाणी चहासारखं तांबूस होऊन येतं. काल चाललेली तुरटीची मात्रा आज चालत नाही. मग केमिस्ट जार टेस्ट लावतो: काचेची सहा भांडी, प्रत्येकात तेच पाणी, तुरटीचं प्रमाण मात्र वेगवेगळं. आधी जोरात ढवळायचं, मग हळू, मग नुसतं बघत बसायचं. कुठल्या भांड्यात गाळाचे फुलोरे चांगले धरतात, पटकन खाली बसतात आणि वर नितळ पाणी राहतं, ती त्या दिवशीची मात्रा. कोकणातलं पावसाळी पाणी मऊ असतं, त्यात अल्कता कमी. तुरटी ती अल्कता खाते. अल्कता संपली की नुसती तुरटी वाढवून काही होत नाही, पाणी आम्लाकडे झुकतं आणि गढूळपणा तसाच राहतो. अशा वेळी चुना घालावा लागतो. नवखा माणूस घाबरून तुरटी ओतत राहतो. जुना ऑपरेटर आधी पीएच बघतो. उन्हाळ्यात दुखणं उलटं. धरणाच्या तळाजवळचं पाणी ओढावं लागतं, त्याला शेवाळाचा वास, लोह-मँगनीजची पिवळट-काळपट छटा. ते दिसायला फारसं वाईट नसतं, पण नाक तक्रार करतं, आणि लोक नाकावर जास्त विश्वास ठेवतात.

क्लोरीनचं खातं वेगळंच. मोठ्या केंद्रावर तो लोखंडी टनरमधून येतो. एका टनरमध्ये साधारण ९०० किलो वायू. गळती शोधायची जुनी पद्धत अजून चालते: अमोनियात भिजवलेला बोळा सांध्यांजवळून फिरवायचा, जिथे पांढरा धूर निघेल तिथे गळती. खोलीत शिरताना वाऱ्याची दिशा बघायची आणि दार उघडं ठेवायचं, हे नव्या माणसाला कुणी फलक दाखवून शिकवत नाही. पहिल्यांदा घसा धरला की तो आपोआप शिकतो. हे असं असू नये, पण अनेक ठिकाणी असतं.

आणि लॉगबुक. दर तासाला गढूळपणा, पीएच, उरलेला क्लोरीन. रात्री तीनचा आकडा रात्री तीनलाच लिहिला की सकाळी सहाला एकदमच, हे शाईवरून कळतं असं जुने लोक म्हणतात. सलग आठ तास क्लोरीन नेमका तेवढाच, दशांशाचाही फरक नाही, असं दिसलं की चांगला अभियंता खूश होत नाही, अस्वस्थ होतो. खरं पाणी इतकं शिस्तीचं नसतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात वॉकरटन नावाचं छोटं गाव आहे. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला, शेतातलं शेण एका उथळ विहिरीत झिरपलं आणि ई. कोलायच्या घातक प्रकाराने सात जण दगावले, दोन हजारांहून जास्त आजारी पडले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत उघड झालं की ऑपरेटर पुरेसं क्लोरीन टाकत नव्हते आणि वहीत मात्र ठरावीक आकडे भरत होते. वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं, म्हणून काही होणार नाही अशी त्यांची खात्री होती. श्रीमंत देश, छोटं गाव, साधी विहीर. पाणी खात्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला कामावर रुजू होताना ही हकीकत सांगायला हवी, तुरटीच्या मात्रेच्याही आधी.

पण एवढं सगळं नीट केलं, केंद्रातून निघणारं पाणी स्फटिकासारखं नितळ झालं, तरी तो अर्धाच रस्ता. उरलेला अर्धा जमिनीखाली आहे, आणि पनवेलची खरी परीक्षा तिथे आहे. पाणी कमी म्हणून ते ठरावीक वेळ सोडायचं, एका भागाला सकाळी, दुसऱ्याला संध्याकाळी. ताण वाढला की दिवसाआड. पाणी आहे तोवर नळात दाब असतो. जिथे चीर आहे तिथून पाणी बाहेर जातं: गळती होते, वाया जातं, पण आत काही येत नाही. वॉल्व्ह बंद झाला की चित्र उलटतं. चढावरच्या नळात पोकळी तयार होते, उतारावरचे लोक उरलंसुरलं पाणी टुल्लू पंपाने ओढतात, आणि त्याच चिरेतून बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. बाहेर काय असतं? जुन्या पनवेलच्या गल्ल्यांत गटार आणि पाण्याचा पाइप जुळ्या भावांसारखे शेजारी झोपलेले. शहर खाडीकाठचं, सखल. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाणी तुंबतं, २६ जुलै २००५ ला तर गाढीने शहरात शिरून दाखवलं. अशा जमिनीत रिकामा पाइप म्हणजे आमंत्रण.

म्हणून टंचाई आणि शुद्धता हे दोन वेगळे विषय नव्हेत. सभागृहात त्यांची चर्चा वेगवेगळ्या दिवशी होते, वर्तमानपत्रात त्या वेगवेगळ्या बातम्या असतात: एका पानावर ‘पाणीकपात’, दुसऱ्यावर ‘दूषित पाणी’. पाइपात ती एकच गोष्ट असते. पाणी कमी पडलं की तास कमी होतात, तास कमी झाले की पाइप जास्त वेळ रिकामा राहतो, आणि केंद्रावर घातलेला क्लोरीन त्या रिकामेपणाला पुरा पडत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. केंद्राच्या दाराशी तो कितीही भरघोस असो, मोजायचा तो शेवटच्या घरात.

मोजायचं साधनही अगदी साधं. छोट्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भाषेत ओटी टेस्ट. ती कुठे करायची यात मात्र मेख असते. टाकीजवळच्या घरात केली की रंग हमखास येतो आणि अहवाल छान दिसतो. शेवटच्या टोकाला, जिथे पाणी उशिरा पोचतं आणि लवकर जातं, तिथे करायला जावं तर तिथली मंडळी आधी अर्धा तास बोलून घेतात. त्यांचं ऐकून घेणं हा त्या चाचणीचाच भाग धरायला हवा. कारण ‘पहिली दोन मिनिटं काळं येतं, मग साफ होतं’ हे वाक्य प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा जास्त सांगून जातं: पाइप रिकामा होता, काहीतरी आत आलं, आणि ते जवळपासच आलं.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी या भागात गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि नजर पाण्याकडे वळली. महापालिकेत नव्याने आलेली ही गावं; पाणी विहिरीतून, क्लोरीन घालून थेट घरात, मध्ये शुद्धीकरण केंद्र नाही. पनवेलमधल्या पाणीवाल्यांनी ती बातमी परक्याची म्हणून वाचली नसणार. इथेही महापालिकेत आलेल्या गावांच्या जुन्या नळयोजना आहेत, ग्रामपंचायतींनी जमेल तशा टाकलेल्या. कुणाचा पाइप कुठून जातो याचा नकाशा कुणाच्या तरी डोक्यात असतो, आणि ते डोकं निवृत्त झालेलं असतं.

नकाशाचं हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पनवेलच्या जुन्या भागात पाण्याचं राज्य खऱ्या अर्थाने वॉल्व्हमन चालवतो. लाइन आळी, टपाल नाका, मिरची गल्ली, पटेल मोहल्ला. कुठला वॉल्व्ह किती फेरे उघडायचा, कुठला अर्धाच, कुठल्याचं स्पिंडल झिजलेलं आहे म्हणून तो हळू फिरवायचा, हे सगळं हातात. उघडायची घाई केली की पाइपात अडकलेली हवा दणका देते आणि सांधा सुटतो. अभियंत्याने कार्यालयात बसून वेळापत्रक कितीही नेटकं आखलं तरी ते अंमलात येतं ते या माणसाच्या चावीने. म्हणून शहाणा साहेब त्याला ‘अरे’ म्हणत नाही, ‘भाऊ’ म्हणतो. गल्लीतल्या बायकाही त्यालाच ओळखतात. लग्नाच्या आदल्या दिवशी ‘भाऊ, उद्या जरा जास्त वेळ सोडा’ अशी विनंती साहेबाकडे नाही, त्याच्याकडे येते. नियमात बसत नाही. पण तेवढ्या ओळखीच्या जोरावरच कुठे पाइप फुटला, कुणी चोरून जोड घेतली, हे खात्याला आधी कळतं.

वीज गेली की काय होतं, हेही लोकांना समजावून सांगणं अवघड. तासभर वीज गेली, तर पाणी तासभरच उशिरा यायला हवं ना? येत नाही. पंप थांबले की लांबच्या वाहिनीतलं पाणी उतरतं, हवा भरते. पुन्हा सुरू करताना ती वाहिनी बेताने भरावी लागते, एअर वॉल्व्हमधून हवा काढत. मग टाकी भरणार, मग गावात सोडणार. तासाचा खेळ अर्ध्या दिवसावर जातो. त्यातून रस्त्याचं काम करणाऱ्या कुणा कंत्राटदाराच्या जेसीबीने वाहिनीला दात लावला की दिवस संपलाच. विमानतळ, महामार्ग, मेट्रो, नवे टॉवर. या शहरात जमीन सतत कुणीतरी खोदत असतं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं, आणि त्याच्या भोवतीच्या प्रत्येक नव्या इमारतीच्या जाहिरातीत जलतरण तलाव आहे. तो कशाने भरायचा हे जाहिरातीत नसतं.

पर्याय नाहीत असं नव्हे. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास, मीटरने पाणी देऊन दाखवलं. जास्त वापराल तर वाढीव दर, आणि नळ कधीही उघडा, पाणी आहेच. अनेकांना वाटलं होतं की चोवीस तास पाणी दिलं तर लोक उधळतील. उलट झालं. पाणी उद्याही येणार याची खात्री पटल्यावर पिंप भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतायचं हे थांबलं. आणि पाइपात सतत दाब राहिल्याने बाहेरचं काही आत येण्याचा रस्ताच बंद. मलकापूर लहान गाव, पनवेल लाखोंचं शहर. तिथली योजना इथे जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही. पण शुद्धता दाबातून येते, हा त्यातला धडा आकाराने बदलत नाही. पनवेलमध्ये कुठला तरी एक नोड, एक टाकी, तिच्याखालचा एक भाग निवडून तेवढ्यापुरतं हे करून बघायला काय हरकत आहे, असा प्रश्न या लेखकाला पडतो. अभियंत्यांनाही पडतो. त्यांचं उत्तर असतं की मीटर बसवणं सोपं, मीटरप्रमाणे बिल लावायला सभागृहात हात वर करणारे मिळवणं अवघड.

सध्या सगळ्यांचे डोळे न्हावा-शेवा योजनेच्या तिसऱ्या टप्प्याकडे लागले आहेत. पाताळगंगेतून जास्त पाणी, मोठी वाहिनी, नव्या टाक्या. लोकांच्या लेखी ते पाणी आलं की प्रश्न सुटला. खात्यातले लोक मात्र एवढ्यावर निवांत होत नाहीत, आणि त्यांचं कारण साधं आहे. जुन्या गल्ल्यांतले पाइप वर्षानुवर्षं कमी दाबाला सरावले आहेत. त्यांत अचानक पूर्ण दाबाने पाणी सोडलं, तर जिथे आज थेंब गळतो तिथे कारंजं उडेल. म्हणून नवं पाणी येण्याआधी जुने पाइप बदलणं, वॉल्व्ह शोधून त्यांची नोंद करणं, रात्री रहदारी थांबल्यावर लोखंडी दांडा पाइपाला टेकवून कानाने गळती ऐकणं, ही कामं उरकायला हवीत. त्यातही सर्वांत रेंगाळतं ते वॉल्व्ह शोधण्याचं. दरवेळी रस्त्यावर नवा थर चढतो, चेंबरचं झाकण आणखी एक वीत खाली जातं, आणि जुन्या फिटरला बोलावून विचारावं लागतं की ते नक्की कुठे होतं. तो दुकानाच्या पायरीपासून पावलं मोजतो आणि सांगतो, इथे खणा. दुकानदार म्हणतो, गेल्याच महिन्यात डांबर टाकलंय, आता परवानगी आणा.